बाहेरून घेतलेले अलॉय, आतले टायर प्रेशर सेन्सर आणि गोव्याची खारी हवा

पावसाळ्याच्या तोंडावर बसवलेले सेन्सर चवथ, दिवाळी, शिगमो ओलांडून आता भर उन्हाळ्यात चालताहेत, म्हणजे अनुभव लिहिण्याइतका वापर झाला आहे. बाहेरून अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, घेतलेल्या प्रत्येकाने टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे टायर प्रेशर सेन्सर बसवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र दाबाचे आकडे दाखवणारा डिस्प्ले कोणता घ्यायचा यावर डोकं शिणवण्यापेक्षा व्हॉल्व्ह कोणता आणि तो रिममध्ये कसा बसतो याकडे बघा. समुद्रकिनारी सगळा खेळ तिथेच आहे.

गाडीला मुळात १८५/६५ आर१५ मापाचे टायर होते, आता १९५/५५ आर१६ आहेत. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटरला धक्का लागत नाही. पण टायरच्या साइडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची १२० मिलीमीटरवरून १०७ वर येते. जुन्या टायरमधली हवा उतरली की तो खाली दबलेला दिसायचा. हा नवा टायर पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी असला तरी उभ्या गाडीत ताठच वाटतो. शिवाय खड्ड्यात रिमला मार बसण्याचा धोका वाढतो, आणि हवा कमी असेल तर जास्तच. मांद्र्याहून म्हापसा, पर्वरी करत पणजी गाठणाऱ्याला खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

सेन्सर दोन तऱ्हेचे मिळतात. व्हॉल्व्हच्या टोकावर टोपीसारखे फिरवायचे ते बाहेरचे. घरच्या घरी पाच मिनिटांत बसतात, पण हवा भरताना दर वेळी काढावे लागतात आणि त्यांचं वजन साध्या रबरी व्हॉल्व्हला वेगात बाहेर ओढत राहतं. मी आतले, म्हणजे रिमच्या आत व्हॉल्व्हला जोडलेले, घेतले. काही गाड्यांत कंपनीची सोय असते, पण चाकात सेन्सरच नसतो. एबीएसकडून (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) येणाऱ्या चाकांच्या वेगावरून गाडी अंदाज बांधते. तशी गाडी असेल तर नवे अलॉय घातल्यावर हवा नीट भरून फक्त रीसेट करायचं. ज्यांच्या गाडीत कंपनीचे खरे सेन्सर आहेत त्यांनी तेच नव्या रिममध्ये बसतात का हे आधी बघावं.

बसवणं ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रिमचं व्हॉल्व्हचं भोक साधारण साडेअकरा मिलीमीटरचं असतं, त्यात अडचण येत नाही. अडचण येते ती रिमच्या आतल्या वळणाची. सेन्सरची डबी रिमच्या खोलगट भागात टेकून बसली पाहिजे. ती वर उचललेली राहिली तर टायर चढवताना त्याची कड तिच्यावर येते आणि डबी फुटते. म्हणून दुकानात जाताना सुटं रिम आणि सेन्सर घेऊन जा, टायर चढवण्याआधी हाताने बसवून बघा. टायर काढताना आणि चढवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हपासून लांब पाहिजे. आमच्या मेस्त्रींना मी सुरुवातीलाच म्हटलं, "मेस्त्री, आत सेन्सर आहेत, व्हॉल्व्हची बाजू सांभाळा." त्यांनी लगेच खडूने टायरवर खूण केली. बॅलन्सिंग सेन्सर बसवल्यानंतरच करायचं, कारण तेवढ्या वजनानेही स्टेअरिंग थरथरतं.

व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा किंवा रबरी असतो. ॲल्युमिनियमचा दिसायला देखणा आणि खूप वेगासाठी पक्का. पण त्यात हवा अडवणारी आतली पिन साधी पितळी घातली की दोन धातू आणि खारट ओल मिळून गंज धरतो, पिन आत चिकटते आणि ओढाताणीत व्हॉल्व्हची नळी मोडू शकते. तो घेतलाच तर निकेलचा मुलामा दिलेली पिन, प्लॅस्टिकची टोपी आणि कागदावर दिलेल्या मापाने आवळलेला नट, हे तिन्ही हवेत. घर समुद्राच्या वाऱ्यात असल्यामुळे मी रबरी निवडला आणि त्याचं समाधान आहे. टायर बदलताना सेन्सर तोच ठेवून फक्त रबरी नळी बदलता येते.

खरा उपयोग ऐन पावसात कळला. सकाळी तीन चाकं ३२ पीएसआय दाखवायची आणि डावं मागचं ३०, मग २९. खिळा नव्हता. मेस्त्रींनी साबणाचं पाणी फिरवलं तर बुडबुडे व्हॉल्व्हच्या मुळाशी! नव्याकोऱ्या रिमच्या भोकाच्या कडेला रंगाचा गोळा सुकून राहिला होता. बारीक पॉलिशपेपरने कड साफ केली, नवी नळी घातली, तेव्हापासून आकडा हललेला नाही. सेन्सर नसता तर त्याच टायरवर मी भरल्या गाडीने बेळगावला गेलो असतो.

आकडे वाचायचीही सवय लागते. सकाळी थंड असताना ३२ असलेलं चाक चोर्ला घाट चढेपर्यंत ३६-३७ दाखवतं. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे हे रास्तच आहे. घाटात थांबून हवा सोडू नये. थंड झाल्यावर टायरमध्ये हवा कमी पडते. माझा खालचा इशारा २८ वर आहे, वरचा ४२ वर. गाडी उभी असताना सेन्सर झोपतात, म्हणून सुरुवातीला दिसणारा आकडा जुना असू शकतो. थोडं अंतर गेल्यावर खरा येतो.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. सौर डिस्प्ले मे महिन्यात डॅशबोर्डवर इतका तापला की चिकटपट्टी सुटली. आता तो खाली कप्प्याजवळ आहे आणि तारेने चार्ज होतो. आतली बॅटरी सीलबंद असते, संपली की अख्खा सेन्सर बदलायचा. स्टेपनीत सेन्सर नाही, त्यामुळे ती लावली की एका चाकाचा इशारा वाजत राहतो. चाकांची अदलाबदल केली की डिस्प्लेवर जागा नव्याने शिकवाव्या लागतात. पंक्चर बंद करणारं द्रव आत ओतायचं नाही, सेन्सरचं छिद्र बुजू शकतं.

पुढच्या टायरबदलासाठी चार रबरी नळ्या आणि निकेलच्या पिना मी आधीच मागवून ठेवणार आहे. ऐनवेळी म्हापशात त्या हाताशी मिळतीलच असं नाही.