मॉडेल वाफेच्या इंजिनात स्पीकर टेंडरमध्ये (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) की स्मोकबॉक्समध्ये (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या भागात)?
ओओ स्केलच्या (१:७६ मापाच्या) फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाच्या मॉडेलला डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश देऊन चालवायची पद्धत) साउंड बसवायचा तर टेंडरमध्ये डिकोडर (ते संदेश वाचून मोटर आणि आवाज चालवणारी चिप), स्पीकर, स्टे अलाइव्ह कपॅसिटर (रुळावरून वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) सगळं आरामात मावतं, शिवाय स्पीकर मोठा बसतो म्हणून आवाजाला बेस येतो. फक्त स्पीकरच्या मागे बंद डबी हवीच, नाहीतर पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खातो आणि नुसतं चिरकं ऐकू येतं. स्मोकबॉक्समध्ये शुगर क्यूब (साखरेच्या क्यूबएवढा छोटा स्पीकर) टाकला की भकभक थेट धुराड्यातून येते, ऐकायला लय भारी, पण जागेसाठी आतलं वजन काढलं तर डबे ओढताना चाकं घसरतात. आणि हो, हे तीन सिलिंडरचं इंजिन, चाकाच्या एका फेरीला सहा भक यायलाच हवेत, ते डिकोडरच्या सीव्हीमधून (सेटिंगच्या आकड्यांमधून) जुळवा, स्पीकर कुठेही असो. लांब गाडी ओढायची असेल तर माझं मत टेंडरलाच.