लॅब, टॅब की वर्गात एक प्रोजेक्टर? शाळेसाठी नेमकं काय घ्यावं

शाळेसाठी कॉम्प्युटरवर खर्च करायचं ठरलं की फिरून फिरून तीनच पर्याय समोर येतात. एक वेगळी कॉम्प्युटर लॅब, नाहीतर प्रत्येक मुलाच्या हातात टॅब, नाहीतर प्रत्येक वर्गात एक प्रोजेक्टर आणि शिकवणाऱ्याकडे एक लॅपटॉप. मी तिन्हींवर शिकवलंय, म्हणजे डेमोत नाही, खऱ्या तासाला, शेवटच्या बाकावरची पोरं खिडकीबाहेर बघत असताना. माझा कौल प्रोजेक्टरला आहे हे आत्ताच सांगून टाकते, पण म्हणून असलेली लॅब मोडीत काढायला जाऊ नका.

आधी लॅबच घ्या. तास 40 मिनिटांचा धरा. रांगेने तिथे पोचायला पाच मिनिटं, जागेवरून भांडणं मिटायला दोन, मशीन चालू होऊन सगळ्यांचं लॉगिन होईपर्यंत अजून सात (पासवर्ड विसरणारी चार पोरं दर आठवड्याला असतात आणि ती तीच चार असतात), शेवटची पाच मिनिटं बंद करण्यात. उरली वीसेक. त्यात एका मशीनवर दोघं असतील तर माउस एकाच्या मुठीत आणि दुसरा टकामका बघतोय. यावर उपाय सोपा आहे, दर पाच मिनिटांनी टाळी वाजवायची आणि माउस बदलायचा, मग उलट जोडीने बसणंच बरं पडतं कारण चूक कुठे झाली ते शेजारचा आधी बघतो.

लॅबचं खरं दुखणं वेगळंच आहे. कॉम्प्युटर हा एक वेगळा विषय होऊन बसतो, आठवड्याला एक तास, आणि भूगोलाच्या बाईंना लॅब कधी मिळतच नाही. पण मुलांनी स्वतः काही बनवायचं असेल तर दुसरी जागा नाही. 1967 मध्ये गणितज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा केली, त्यामागची कल्पनाच अशी की कॉम्प्युटरने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने कॉम्प्युटरला शिकवायचं. तोच धागा पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या भाषेत आला, 2007 मध्ये. ठोकळे जोडून मांजर चालवायचं, ती भिंतीतून आरपार गेली की का गेली ते शोधायचं. हे टॅबवर होतं, नाही असं नाही, पण लांबलचक प्रोग्राम बोटाने ओढत बसणं आणि कीबोर्ड-माउसवर करणं यात खूप फरक पडतो.

आता टॅब. पालकसभेत सगळ्यात जास्त टाळ्या यालाच. आणि एक गोष्ट तो खरंच चांगली करतो, ती म्हणजे सराव. सातवीतल्या ज्या मुलाला अजून भागाकार जमत नाही त्याला चारचौघांत हात वर न करता चौथीची गणितं सोडवता येतात, कुणी हसत नाही. पण "प्रत्येकाला एक" म्हटलं की शिकणं आपोआप वाढेल असं धरून चालू नका. एमआयटीचेच निकोलस नेग्रोपोंटे यांनी 2005 मध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप ही मोहीम जाहीर केली, पेरू देशात तिचं खूप मोठं काम झालं, तिथल्या 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास 2012 मध्ये आला आणि त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. मुलांच्या हातात मशीन आली पण वर्गात शिकवण्याची पद्धत फारशी बदलली नाही, मग गुण कशाने वाढणार?

वर रोजची कटकट आहेच. दहा टॅब चार्ज नसतात, दोन अपडेट घेत बसतात, एकाचा आवाज बंद होत नाही. आणि स्क्रीन मुलाकडे तोंड करून असते, तुम्हाला दिसते ती नुसती टॅबची पाठ.

प्रोजेक्टरचं बघा. सहावीला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेत होते, जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर, फुकट आहे, 2001 पासून आहे. त्रिकोण काढला, तिन्ही कोनांची मापं स्क्रीनवर, एक टोक धरून ओढत गेले, पोरं "अजून ओढा बाई, अजून", त्रिकोण पार काडीसारखा झाला तरी बेरीज 180. आणि मग एक मुलगी म्हणाली, बाई, आत्ता 179 होतेय. बघते तर खरंच, 60, 60 आणि 59. मी दशांश दाखवायचे बंद ठेवले होते. चालू केले तर 60.4, 60.4 आणि 59.2. उरलेला सगळा तास पूर्णांक करताना काय हरवतं यावरच गेला, माझ्या टाचणात तो विषयच नव्हता! चाळीस टॅबवर हे चाळीस जणांनी वेगवेगळं पाहिलं असतं आणि बहुतेकांनी पुढचं बटण दाबलं असतं.

विज्ञानाला फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, घ्या, कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये सुरू झालेली. सर्किट जोडायचं, बटण दाबायच्या आधी विचारायचं की बल्ब लागेल का, हात मोजायचे, मगच दाबायचं. बरीचशी आधी डाउनलोड करून ठेवता येतात, म्हणजे नेट गेलं तरी तास जात नाही.

प्रोजेक्टरचाही तोटा आहेच. पुढची दोन पोरं उत्तरं देतात आणि बाकीचे सिनेमा बघितल्यासारखे बसतात. म्हणून आधी वहीत उत्तर लिहा, मग बघू. पडदे हवेत, नाहीतर दुपारी काही दिसत नाही. टच बोर्डच्या नादाला लागू नका, बहुतेक वर्गांत त्याचा पडदाच होतो.

मग अपवाद कुठे? आठवीच्या पुढे कोडिंग शिकवायचंय आणि शिकवणारं माणूस आहे, तर लॅब. वर्गातल्या मुलांच्या पातळीत फार तफावत आहे आणि सरावाला वेगळा तास काढता येतोय, तर दहा-पंधरा टॅब सगळ्या वर्गांत फिरते ठेवा, प्रत्येकाला एक नको. जुनी मशीन्स विंडोज 10 ची असतील तर तिचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, पण म्हणून भंगारात देऊ नका, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम, तिचा हलका प्रकार, टाकून स्क्रॅच आणि टायपिंगला ती अजून काही वर्षं चालतील.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून डेमो नाही, एक अख्खा तास मागा. टॅब असतील तर सगळे एकाच वेळी तुमच्याच वायफायवर एकच व्हिडिओ चालवून बघा. आणि शिकवायला तंत्रज्ञानाची हौस असलेल्या सरांना उभं करू नका, ज्या बाई "मला नाही बाई जमायचं हे" म्हणतात त्यांना करा, आणि 40 मिनिटांत त्यांनी किती वेळा दाराकडे बघून मदतीला हाक मारली ते मोजा.