डबा फक्कड, अंगठ्याचं तेवढं सांभाळा

लालबागच्या एका काकूंचा डबा आठ महिने खातोय. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि डबा मला उद्याही हवाय. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात, ११० रुपये. गुरुवारी वालाचं बिरडं. मोड आलेले वाल असे सोललेले, की एक साल दाताखाली येत नाही, आणि ओलं खोबरं घालताना हात आखडलेला नाही. पोळी दीड वाजता उघडली तरी मऊ.

घोळ व्हॉट्सअ‍ॅपवर. काकू टाइप करत नाहीत. काहीही विचारा, उत्तर एकच, वर केलेला पिवळा अंगठा. मे महिन्यात गावी जाताना कळवलं, ‘सोमवार ते गुरुवार डबा नको.’ अंगठा आला. निर्धास्त गेलो. महिनाअखेर बिलात चारही डबे! रोज दाराच्या कडीला अडकवले होते, शेजाऱ्यांनी खाल्ले.

काकू म्हणाल्या, “अरे, अंगठा म्हणजे मेसेज बघितला. हो कुठे म्हटलं?”

“बघितलात, मग पाठवलात कशाला?”

“बघितला तेव्हा हात कणकेत होते. नंतर राहिलं.”

आजीला फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. तिच्या हिशेबी अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा. “तिने तुला सरळ सांगितलं की, ऐकणार नाही म्हणून!”

हाच वाद कॅनडात कोर्टापर्यंत गेलाय. सस्कॅचवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला २०२१ मध्ये धान्य कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. त्याने अंगठा पाठवला, जवस मात्र दिले नाहीत. म्हणाला, करार मिळाला एवढंच सांगितलं होतं. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अंगठा ही सहीच धरली आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. आपल्याकडे तर खरेदीखतावर अंगठा उठवणारे आजोबा-पणजोबा घरोघरी होते, म्हणून मी ही केस काकूंना अगदी रंगवून सांगितली. त्यांनी विचारलं, “जवस कशाला, चटणीला?” दोन डबे मात्र बिलातून वजा केले.

चवीला पाचपैकी पाच. डबा बंद ठेवायचा असेल तर रात्री नऊच्या आत फोनच करा. दुपारी दोन ते चार उचलत नाहीत.