जुन्या लुगड्यांची वाकळ की दुकानातलं ब्लँकेट?

साताऱ्याकडं दिवाळी सरली की रात्री बोचरा गारठा सुटतो आणि घरोघरी पांघरुणांचा विषय निघतो. दुकानातलं पॉलिएस्टरचं ब्लँकेट हलकं, मऊ, धुतलं की लवकर वाळतं. पोरगं शिकायला पुण्यात खोली घेऊन राहत असेल तर त्याला तेच द्यावं. पण वापरून वापरून त्यावर गोळे येतात, आणि विरलं की डागडुजी करता येत नाही.

वाकळीचं तसं नाही. आत जुनी सुती लुगडी, धोतरं. वर-खाली त्यातल्या त्यात धड साडी. कडेपासून धावदोरा घालत चौकोनात आत आत यायचं, मध्यावर संपवायचं. लुगड्याचे काठ चौफेर लावले की कडा लवकर झिजत नाहीत. विरलीच तर वर आणखी एक लुगडं टाचायचं. खर्च सुई-दोऱ्याचा. सुती असल्यानं घाम टिपते, उन्हाळ्यात अंगाखाली घालायलाही चालते. नायलॉनच्या साड्या मात्र आत भरू नका. त्या सरकतात आणि थर एका बाजूला गोळा होतो.

धुणं हा तिचा खरा ताप. भिजली की एकटीला उचलत नाही, पिळायला दोघी लागतात आणि कडक उन्हाशिवाय आतून वाळत नाही. म्हणून मे महिन्यातच धुवून घ्यावी.

शिवायला सवड नसेल तर वाकळा शिवणाऱ्या बाईला मजुरी द्या. ब्लँकेटपेक्षा फार स्वस्त पडेलच असं नाही, तरी मी वाकळच घेईन: पडून असलेली लुगडी कामी येतात आणि चार पैसे गावातल्याच बाईच्या हाती पडतात.