डोसेजचा आकडा आणि दक्षिण अमेरिकेचे रिकामे रकाने: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याची वंशावळ आकड्यात मांडणारी 'डोसेज' पद्धत शिकायला सोपी आहे, फुकट आहे आणि बऱ्यापैकी उपयोगीही आहे. पण अर्जेंटिना, चिली, उरुग्वे किंवा ब्राझीलचं रक्त असलेला घोडा समोर आला की ती गप्प होते. बरं, गप्प झाल्याचं सांगत नाही. आकडा छापतेच.

पुण्याचा पावसाळी मोसम सुरू झाला तेव्हापासून मुंबईचा मोसम संपेपर्यंत मी ती नेमाने वापरली. महालक्ष्मीवर पैसे लावण्यासाठी नाही. अमेरिकेतल्या आणि ब्युनोस आयर्सच्या मोठ्या शर्यतींतल्या घोड्यांच्या वंशावळी रात्री बसून चाळायच्या, हा माझा छंद. त्यामुळे दक्षिण अमेरिकेची अडचण मला लवकर भेटली. फक्त इथल्या रेसबुकापुरतं वापरणाऱ्याला ती कदाचित जाणवणारही नाही.

पद्धत अशी आहे. घोड्याच्या चार पिढ्यांतले फक्त नर पूर्वज घ्यायचे. बापाला १६ गुण, दुसऱ्या पिढीतल्या दोघांना ८-८, तिसऱ्या पिढीतल्या चौघांना ४-४, चौथ्या पिढीतल्या आठ जणांना २-२. जास्तीत जास्त बेरीज ६४. मात्र गुण सगळ्यांना मिळत नाहीत. 'शेफ द रास', म्हणजे जातीवर ठसा उमटवलेल्या नरांच्या यादीत ज्याचं नाव आहे त्यालाच मिळतात. यादीतल्या प्रत्येक नराला पाचपैकी एक किंवा दोन खाने दिलेले असतात: ब्रिलियंट, इंटरमीजिएट, क्लासिक, सॉलिड, प्रोफेशनल. एका टोकाला निव्वळ वेग, दुसऱ्या टोकाला निव्वळ दम. दोन खाने असतील तर गुण निम्मे-निम्मे वाटायचे. मग ब्रिलियंट, इंटरमीजिएट आणि अर्धा क्लासिक यांच्या बेरजेला अर्धा क्लासिक, सॉलिड आणि प्रोफेशनल यांच्या बेरजेने भागायचं. आला तो डोसेज इंडेक्स. एकाच्या आसपास असेल तर वेग आणि दम समतोल. जितका मोठा, तितका घोडा कमी अंतराचा, असा अंदाज. घोडीला यात स्वतःचा एकही गुण नाही, तिचा हिशेब तिच्या बापाच्या नावावर. हे मला आजही पटत नाही, पण तो वाद वेगळा.

या पद्धतीचं मूळ फ्रेंच. व्हुइये नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारा पिढ्यांच्या वंशावळी पिंजून काढल्या आणि थोर घोड्यांमध्ये ठरावीक पूर्वजांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं, असं मांडलं. पुढे तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे ज्यांचा पॅलेस आपल्या पुण्यात आहे त्यांनीच, आपल्या युरोपातल्या घोड्यांच्या पैदाशीसाठी याच व्हुइयेंचा सल्ला घेतला. नंतर इटलीचे फ्रांको व्हारोला यांनी पाच खान्यांची कल्पना आणली, आणि अमेरिकेत स्टीव्हन रोमन यांनी तिला आजचं गणिती रूप दिलं. १९८१ मध्ये लिऑन रासमुसेन यांनी 'डेली रेसिंग फॉर्म'मधून ती लोकांपुढे नेली आणि केंटकी डर्बीच्या आधी प्रत्येक जण हा आकडा तपासू लागला. ४.०० च्या वर इंडेक्स असलेला घोडा दहा फर्लांगांची डर्बी जिंकत नाही, असा तो नियम होता.

१९९१ मध्ये स्ट्राइक द गोल्डने डर्बी जिंकली. त्याचा इंडेक्स होता ९.००. त्यानंतर त्याचा बाप अॅलिडार याला क्लासिक खान्यात घेतलं गेलं आणि त्याच घोड्याचा इंडेक्स झाला २.६०. गणित करून बघा: आधी वर १८, खाली २. अॅलिडारचे १६ गुण क्लासिकमध्ये आले म्हणजे ८ वर आणि ८ खाली. २६ भागिले १०. घोडा तोच, त्याची शर्यत तीच, यादीत फक्त एक नाव वाढलं. डोसेजची थट्टा करणारे हा किस्सा नेहमी सांगतात. मला तो थट्टेपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण बाप यादीत नसला तर आकडा किती फसवा होऊ शकतो हे त्यातून नेमकं मोजता येतं. अॅलिडार केंटकीत, सगळ्यांच्या नजरेसमोर होता, म्हणून त्याची चूक दुरुस्त झाली. ब्युनोस आयर्सकडचा असता तर?

आता कँडी राइड घ्या. १९९९ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेला, सहा शर्यतींत सहा विजय. २००३ मध्ये डेल मारला पॅसिफिक क्लासिकमध्ये त्याने मेडाग्लिया डोरोला हरवलं, तेही ट्रॅकचा विक्रम मोडून. मग केंटकीत स्टडवर, म्हणजे पैदाशीला गेला आणि गन रनरचा बाप झाला. तो गन रनर २०१७ चा अमेरिकेतला सर्वोत्कृष्ट घोडा. त्याचा मुलगा सिएरा लिओनीने २०२४ ची ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. आता मी वापरतो त्या यादीने कँडी राइडची वंशावळ मोजा. बाप राइड द रेल्स: शून्य. दुसऱ्या पिढीत क्रिप्टोक्लिअरन्स आणि कँडी स्ट्राइप्स: दोघेही शून्य. म्हणजे ६४ पैकी पहिले ३२ गुण कोरे. तिसऱ्या पिढीत फॅपियानो, अर्बाझे आणि ब्लशिंग ग्रूम हे मान्यवर भेटतात, आणि चौथा फार्नेसिओ, अर्जेंटिनाचा मोठा स्टॅलियन (पैदाशीचा नर), पुन्हा शून्य.

गन रनरच्या शिंगरांकडे आलं की गंमत वाढते. बापाच्या बाजूचे एकूण ४० गुण. त्यातले गन रनरचे १६, कँडी राइडचे ८, राइड द रेल्सचे ४, क्रिप्टोक्लिअरन्स आणि कँडी स्ट्राइप्सचे २-२, असे ३२ कोरे. फॅपियानो पाचव्या पिढीत ढकलला गेला, म्हणजे हिशेबाबाहेर. मग त्या शिंगराचा इंडेक्स कशावर ठरतो? बहुतेक आईच्या बाजूवर. एका विषयाचा पेपर तपासून सगळ्या परीक्षेची टक्केवारी जाहीर करावी, तसं हे. शून्य मिळालं म्हणजे घोडा वेगाचा नाही की दमाचा नाही, असं पद्धत म्हणत नाही. ती त्याला बघतच नाही. पण इंडेक्सचा एकच आकडा वाचणाऱ्याला हा फरक दिसणार कसा?

दक्षिण अमेरिकेचे प्रभावी स्टॅलियन ओळखायला म्हणून मी वंशावळीतली देशाची खूण बघायला लागलो, तर ती अर्धीच मदत करते. नावापुढचं एआरजी किंवा बीआरझेड जन्म कुठे झाला तेवढं सांगतं, घोडा स्टडवर कुठे उभा राहिला ते नाही. कँडी स्ट्राइप्स जन्माने अमेरिकन, पण त्याचं कर्तृत्व अर्जेंटिनातलं. त्याचा मुलगा इन्व्हासोर अर्जेंटिनात जन्मला, उरुग्वेचा ट्रिपल क्राऊन (एकाच मोसमातल्या तीन ठरलेल्या मोठ्या शर्यती) जिंकला, मग २००६ ची ब्रीडर्स कप क्लासिक आणि २००७ चा दुबई वर्ल्ड कप घेऊन गेला. दुसरा मुलगा, ब्राझीलमध्ये जन्मलेला लरवादेझानिमो, हा २०११ ची केंटकी डर्बी जिंकणाऱ्या अॅनिमल किंग्डमचा बाप. सदर्न हेलोचंही तसंच: खूण अमेरिकेची, पण अर्जेंटिनाच्या स्टॅलियनांच्या यादीत वर्षानुवर्षं अग्रस्थानी. उलट लॉर्ड अॅट वॉर अर्जेंटिनाचा, पण त्याचं नाव अमेरिकेत रुजलं, आणि तेही मुलींमार्फत.

या लॉर्ड अॅट वॉरवर थोडं थांबतो, कारण माझ्या मते यादीतली सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. १९८५ ची सँटा अनिटा हँडिकॅप जिंकलेला हा घोडा. त्याची मुलगी स्वीटेस्ट लेडी म्हणजे वॉर एम्ब्लेमची आई, आणि वॉर एम्ब्लेमने २००२ ची डर्बी आणि प्रीकनेस जिंकली. दुसरी मुलगी अस्कटनी, तिचा मुलगा रेव्हन्स पास, २००८ ची ब्रीडर्स कप क्लासिक. तिसरी स्टार ऑफ गोशेन. तिचा मुलगा पायोनीअरऑफ द नाइल, आणि त्याचा मुलगा अमेरिकन फॅरो, ज्याने २०१५ मध्ये ३७ वर्षांनी अमेरिकेला ट्रिपल क्राऊन दाखवला. आईच्या बापाकडून दम येतो असं जुने ब्रीडर म्हणतात ते याच्याइतकं ठळक क्वचितच दिसेल. वॉर एम्ब्लेमच्या हिशेबात त्याच्या जागेला ८ गुण, अमेरिकन फॅरोच्या हिशेबात ४. मिळतात किती? शून्य.

कुणी म्हणेल, तिकडच्या शर्यती वेगळ्या, त्यामुळे घोड्यांचा कस लागत नाही. हे कारण मला मान्य नाही. अर्जेंटिनाचा ट्रिपल क्राऊन १६००, २०००, २५०० मीटर असा चढत जातो. पहिली आणि शेवटची शर्यत पालेर्मोच्या मातीवर, मधली सान इसिद्रोच्या गवतावर. वर डिसेंबरमध्ये २४०० मीटरचं कार्लोस पेलेग्रिनी आहेच. वेग आणि दम दोन्ही तपासायला याहून चांगला कार्यक्रम कोणता?

आणि यादी सुरुवातीपासून आंधळी होती असंही नाही, हे मला सगळ्यात उशिरा लक्षात आलं. तिच्यातल्या जुन्या नावांचा मोठा भाग व्हारोलांकडून आलेला, आणि ते सगळं जग बघत होते. काँग्रेव्ह त्यात आहे: अर्जेंटिनाचा, १९२४ चा, इंटरमीजिएट खान्यात. त्याचा मुलगा कायाक १९३९ ची सँटा अनिटा हँडिकॅप जिंकला आणि पुढच्या वर्षी सीबिस्किटच्या मागे दुसरा आला. इंग्लंडहून अर्जेंटिनात गेलेले फुल सेल आणि ब्रिटिश एम्पायर आहेत. सेक्रेटेरिएटच्या मागे १९७३ ची डर्बी दुसऱ्या क्रमांकावर संपवणारा शॅम, त्याच्या तिसऱ्या पिढीत ब्रिटिश एम्पायर आहे आणि त्याचे ४ गुण रीतसर मोजले जातात. फोर्लीही आहे, क्लासिक खान्यात. १९६६ मध्ये ट्रिपल क्राऊन आणि पेलेग्रिनी मिळून चारही जिंकलेला, मग केंटकीत येऊन फोरेगोचा बाप झालेला. त्याच्या स्पेशल नावाच्या मुलीपासून नुरेयेव्ह झाला, आणि तिच्याच मुलीपासून सॅडलर्स वेल्स.

म्हणजे यादीचा जुना अर्धा भाग दक्षिण अमेरिकेला ओळखतो, नव्या अर्ध्या भागाने तिकडे पाहणं सोडलं. आणि जुनी नावं तर चार पिढ्यांच्या चौकटीतून सरकून गेली. फोर्लीला सॅडलर्स वेल्सच्या हिशेबात ४ गुण, गॅलिलिओच्या हिशेबात २, फ्रँकेलकडे आलं की काहीच नाही. भारतात आलेला डिफिडंट हा नुरेयेव्हचा मुलगा, त्यामुळे त्याच्या चौकटीत फोर्ली ४ गुणांसह दिसतो. त्याच्या नातवंडांत मात्र शोधून सापडणार नाही. आजच्या घोड्याला दक्षिण अमेरिकेकडून मिळणारे गुण व्यवहारात शून्याजवळ आले आहेत ते यामुळे.

प्रवाह उलटाही वाहिला आहे, हेही विसरू नये. १९०० चा इंग्लिश ट्रिपल क्राऊन विजेता डायमंड ज्युबिली १९०६ मध्ये अर्जेंटिनाला विकला गेला. १९०८ मध्ये सिलीन हा स्टॅलियनही तिकडेच गेला. सिलीनच्या चार इंग्लिश डर्बी विजेत्यांपैकी मिनोरू, लेम्बर्ग आणि टॅगली हे तिघं तो बोटीत बसल्यानंतर जिंकले. इंग्रज ब्रीडरांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील.

आता वापराचं सांगतो. मी मूळ यादीला हात लावला नाही, शेजारी आणखी दोन रकाने काढले. पहिल्यात एकूण मिळालेले गुण. हा आकडा बहुतेक ठिकाणी छापलेला असतो, पण कुणी वाचत नाही. तो २० च्या खाली असेल तर इंडेक्सकडे मी बघतच नाही. स्ट्राइक द गोल्डचे ९.०० वीसच गुणांवर उभे होते. दुसऱ्या रकान्यात पहिल्या तीन पिढ्यांतला दक्षिण अमेरिकेत जन्मलेला किंवा तिथे स्टडवर गाजलेला नर, आणि त्याच्या संततीने कुठल्या अंतरावर मोठ्या शर्यती जिंकल्या ते. लॉर्ड अॅट वॉरला मी माझ्यापुरता क्लासिक खाना देऊन बघितला. क्लासिकचे गुण वर-खाली सारखेच जात असल्यामुळे भडक इंडेक्स खाली उतरतो आणि चित्र शहाणं दिसतं. कँडी राइडला खाना देणं अवघड गेलं. त्याची काही मुलं मैलाच्या आत चमकतात, काही दहा फर्लांग पळतात. शिवाय आपल्या लाडक्या घोड्याला आपणच मान्यता देत सुटलो तर उरलेली शिस्तही जाईल, म्हणून हा खेळ मी मोजक्या नावांपलीकडे नेला नाही.

घोडा अमेरिकन किंवा जुन्या युरोपीय रक्ताचा असेल आणि गुण भरपूर असतील तर डोसेजला पाचपैकी चार देईन. अंतराचा अंदाज तिथे खरंच उपयोगी पडतो, निदान पहिल्यांदाच लांब पळणाऱ्या तीन वर्षांच्या घोड्यासाठी. ज्याच्या बापाचा बाप अर्जेंटिनाहून आलेला आहे त्याच्यासाठी दोन. तिथे चार पिढ्यांची नावं छापून घ्या, कोरे रकाने पेन्सिलीने गोल करा, आणि इंडेक्स सगळ्यात शेवटी वाचा.