कवच-बिवच सांगून खवट माशाचं तेल गळ्यात मारलं

सांगलीत विश्रामबागकडं प्रदर्शन लागलेलं, तिथं एकजण माशाच्या तेलाचं दुधासारखं पांढरं इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब मिसळलेलं) विकत होता. सासऱ्यांना ओमेगा थ्री हवंच होतं म्हणून थांबले, तर लगेच सुरू, "ताई, हे पिकरिंग इमल्शन, तेलाच्या थेंबाला प्रोटीनच्या कणांचं कवच, हवा आत जातच नाही, फ्रिज पण नको!" वर लॅबचा रिपोर्ट दाखवला, पेरॉक्साइड (तेल खवट व्हायला लागलं की आधी तयार होतं ते) एकदम कमी. दोन बाटल्या घेतल्या, दुसरी स्वस्तात म्हणून.

घरी फोडली तर आधी लिंबाचा भपकारा आणि त्याच्या मागनं जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. सासऱ्यांनी चमचा तोंडाजवळनंच परत केला.

भाची फूड टेक्नॉलॉजीला आहे, ती म्हणाली मावशी टेक्निक खरंय, १९०७ सालच्या पिकरिंगच्या पेपरवरनं नाव पडलंय, कण थेंबाला घट्ट चिकटतात आणि ऑक्सिडेशन, म्हणजे हवेनं तेल खवट होणं, हळू होऊ शकतं, पण कणांच्या मधल्या फटीतनं ऑक्सिजन जातोच. पाण्यात लोखंडाचा अंश असला तर अजून वाईट. डीएचए म्हणजे माशाच्या तेलातलं एक ओमेगा थ्री, त्यात सहा डबल बॉंड, लगेच खराब होणारा माल, आणि तेलाचे बारीक थेंब केले की हवेला पृष्ठभाग उलट वाढतो, म्हणजे अँटिऑक्सिडंट, गडद बाटली, थंड जागा हे सगळं लागतंच. ह्याच्या बाटल्या पारदर्शक आणि स्टॉलवर उन्हात मांडलेल्या!

खरी चलाखी रिपोर्टात. तो साध्या तेलाचा, इमल्शन करायच्या आधीचा, बॅच नंबर बाटलीशी जुळतच नाही. आणि नुसतं पेरॉक्साइड कमी म्हणजे तेल ताजं असं नसतं, जुन्या तेलात पेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड होतात आणि आकडा परत खाली येतो, म्हणून ॲनिसिडिन (अल्डिहाइड मोजणारा आकडा) पण बघावं लागतं, दोन्ही मिळून जो आकडा येतो तो टोटॉक्स, धंद्यात २६ च्या आत धरतात. ह्यात ॲनिसिडिनचा रकानाच नाही. लेबल नखानं खरवडलं तर खाली दुसरं लेबल, तारीख उलटून गेलेली!

फोन केला तर म्हणतो "माशाचं तेल आहे, वास येणारच की". चांगल्या ताज्या तेलाला असला वास नसतो हो. पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक. बाटलीवरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर साइटवर टाकला तर भलत्याच नावाचं मसाल्याचं लायसन निघालं.

१९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. दुसरी बाटली सीलबंद ठेवलीय नमुन्याला. त्या स्टॉलवरनं कुणी घेतलं असेल तर बाटली टाकू नका, बिल आणि खालच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.