जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती: वैद्यकीय पदवीधरांच्या दृष्टीने

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली ही योजना नावाने शिष्यवृत्ती असली, तरी तिचा मुख्य भाग कर्जाचा आहे आणि माझ्या मते तिचे बळ नेमके त्यातच आहे. परदेशात पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करू इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधराला मिळालेली रक्कम शिक्षण संपल्यावर हप्त्यांनी फेडावी लागते, व्याज बँकेच्या मानाने बरेच कमी असते आणि फेडलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्यांच्या कामी येतो. घेणारा कुणाच्या उपकाराखाली राहत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन हे या योजनेचे विद्यार्थी होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. वैद्यकीय शाखेतल्यांनी मात्र कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांचे नाव आवर्जून लक्षात ठेवावे. मुलींनी डॉक्टर होणे हीच नवलाई होती, त्या काळात या योजनेच्या आधाराने त्या परदेशी शिकून आल्या.

निवडीत गुणपत्रिकेबरोबर मुलाखतीलाही वजन असते आणि समोर त्या त्या विषयातले जाणकार बसलेले असतात. त्यामुळे अर्जातील उद्देशपत्र, म्हणजे काय आणि का शिकायचे आहे हे सांगणारे टिपण, मोघम असून चालत नाही. माझ्याकडे वाचायला आलेल्या एका मसुद्यात ‘मला सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात समाजसेवा करायची आहे’ एवढेच वाक्य तीन परिच्छेदांत घोळवलेले होते. त्या मुलीने आंतरवासितेच्या काळात ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण पाहिले होते. रुग्ण मांत्रिकाकडे जाऊन मग रुग्णालयात येईपर्यंत किती वेळ जातो, याच्या नोंदीही तिने ठेवल्या होत्या. तो प्रश्न पहिल्याच ओळीत आला, तेव्हा कोणता अभ्यासक्रम हवा आणि तो का हवा, हे वेगळे सांगण्याची गरजच उरली नाही.

उणीव रकमेची आहे. अमेरिका किंवा ब्रिटनमधील शुल्क आणि राहण्याचा खर्च पाहता या कर्जातून सगळा भार उचलला जात नाही. निवड झालेल्यांपैकी काहींना प्रवासासाठी अनुदान आणि परत न करावी लागणारी रक्कमही मिळते, परंतु ती धरून हिशेब मांडू नये. बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि विद्यापीठाची शुल्कसवलत यांच्या जोडीला तिसरा आधार म्हणून पाहिले, तर ही योजना उत्तम आहे, आणि ज्यांच्या घरी तारण ठेवायला जमीन-जुमला नाही त्यांनी तर तिचा विचार सर्वांत आधी करावा.

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. अर्ज साधारणपणे हिवाळ्यात मागवले जातात. तेव्हा गुणपत्रिका आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे दिवाळीपर्यंत हाताशी असलेली बरी.